उडुपीचा वाद आणि चेल्टनमचं पत्र

१८८५ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमधल्या चेल्टनम लेडीज कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. वय सत्तावीस. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले; जवळची म्हणावी अशी एकच, चार वर्षांची मनोरमा. त्या वेळी रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं का, असा प्रश्न निघाला आणि चर्चमधल्या वरिष्ठांनी हरकत घेतली. परपुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात परतल्यावर या बाईंची पत राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी प्राचार्य डोरोथिया बील यांना उत्तर लिहिलं. त्यात राग आहेच, पण रागापेक्षा नवल जास्त आहे. माझ्या आईने तरुण मुलांना शिकवलं, मी शिकवलं. माझ्या वडिलांनी कधी आडकाठी केली नाही, माझ्या नवऱ्याने केली नाही. आणि इथे इंग्लंडात काही जणांना ते खटकावं, याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं.

या नवल वाटण्यापाशी मी अनेकदा थांबते. स्वातंत्र्याबद्दल आपण बोलतो ते बहुतेक बंडाच्या भाषेत. कुणीतरी झुगारलं, कुणीतरी उंबरा ओलांडला. इथे मात्र परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला राहणारी एक तरुण विधवा धर्मगुरूंची मनाई वाचते आणि तिला प्रथम वाटतं ते असं, की हे काहीतरी विचित्र आहे, आमच्या घरी असं नव्हतं. घरात जे रोजचं होतं तेच तिचं माप झालं होतं. जगाचा निर्बंध तिला निसर्गनियमासारखा वाटला नाही, कारण वाढत्या वयात तिने तो नियम म्हणून पाहिलाच नव्हता.

मग ते घर कसं होतं, हा प्रश्न आपोआप येतो. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे आजच्या अर्थाने मोकळे, लाड करणारे, मुलांना हवं ते करू देणारे वडील मुळीच नव्हते. कर्मठ वैष्णव ब्राह्मण, सोवळंओवळं कडक पाळणारे. पुण्यात रामचंद्रशास्त्र्यांकडे शिकत असताना गुरूंबरोबर दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात त्यांचं जाणं होई. गुरू तिथे पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवत. एक बाई शुद्ध संस्कृत म्हणते आहे, हे त्या विद्यार्थ्याच्या मनात रुतून बसलं आणि आपल्या बायकोला शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांच्या विरोधापुढे ते साधलं नाही. पुढे चाळिशी उलटल्यावर, यात्रेत भेटलेल्या एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली आणि त्यांनी ती करून घेतली. हे वाचताना आज पोटात कालवतं आणि कालवायलाच हवं. पण याच माणसाने त्या मुलीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. गावात आणि पंथात गिल्ला झाला. उडुपीला, मध्वमताच्या मुख्य पीठात, पंडितांसमोर त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबोवा गेले, स्त्रियांनी संस्कृत पुराणं वाचायला शास्त्राची हरकत नाही हे ग्रंथांतली वचनं काढून काढून त्यांनी मांडलं. पंडितांना त्यात खोट काढता आली नाही, पण सगळ्यांचं समाधान झालं असंही नाही. अखेर घाटमाथ्यावर गंगामूळच्या रानात त्यांनी बिऱ्हाड थाटलं. तिथे २३ एप्रिल १८५८ ला रमाबाई जन्मल्या.

हा वाद रमाबाईंच्या जन्माआधीचा. त्यांनी तो पाहिला नाही, पण त्या कथेतच त्या वाढल्या. पहाटे आई तिला उठवून पाठ देई, कारण बाकीचा दिवस कामाचा आणि प्रवासाचा. पाठ चालू आहे हेच त्या वादाचं फळ होतं. आपल्या वडिलांनी थोरामोठ्यांच्या सभेत उभं राहून ‘का?’ असं विचारलं, त्या ‘का’ची किंमत म्हणून आपण रानात राहिलो, पुढे गावोगाव पुराणं सांगत हिंडलो, आणि तरी वडिलांना त्याचा पश्चात्ताप नाही: एवढं ज्ञान त्या मुलीला भागवताच्या श्लोकांइतकंच तोंडपाठ असणार.

पालकांच्या पद्धतींचा अभ्यास विसाव्या शतकात बराच झाला. बर्कलीच्या डायना बॉमरिंड यांनी १९६६ पासूनच्या लेखनात पालकांचे तीन ढंग मांडले: हुकूम चालवणारे, सगळं सोसून घेणारे, आणि नियम पक्के ठेवूनही त्यांची कारणं सांगणारे व मुलाचं ऐकून घेणारे. पुढे मॅकोबी आणि मार्टिन यांनी १९८३ मध्ये चौथा ढंग जोडला, दुर्लक्ष करणाऱ्यांचा. तिसऱ्या ढंगाच्या घरातली मुलं पुढे स्वतःच्या पायावर अधिक नीट उभी राहतात, असं या परंपरेचं सांगणं. ते खोटं नाही. पण या मांडणीत घर म्हणजे जणू पालक आणि मूल एवढीच दोन माणसं, वर कुणी नाही, बाजूला कुणी नाही. आपल्याकडचा बाप एकाच वेळी कुणाचा तरी मुलगा असतो, कुणाचा तरी पुतण्या, जातीचा आणि गावाचा सभासद, साहेबाचा हाताखालचा माणूस. मूल जन्मल्यापासून बघत असतं, की आपले आईबाप आपल्याहून मोठ्यांपुढे कसे वागतात.

माझी समजूत अशी होत गेली आहे, की तरुणपणी माणसाला स्वतःचा निर्णय स्वतःचा वाटावा, याचं मूळ आईबाप त्याच्याशी कसे वागले यात जितकं असतं, तितकंच, कदाचित अधिक, ते आजोबांशी, भाऊबंदांशी, देवळाशी, कचेरीशी कसे वागले यात असतं. अनंतशास्त्र्यांनी मुलीला निवडायला फारसं काही दिलं नाही. काय शिकायचं, काय खायचं, कुठे जायचं, सगळं ठरलेलं. पण मोठ्यांशी मतभेद होऊ शकतो, तो तोंडावर मांडता येतो, आधार काढून मांडता येतो आणि त्याची किंमत मोजूनही माणूस जगतो, एवढं त्या मुलीने घरातच पाहिलं.

आज मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला निवडायला पुष्कळ मिळतं. कपडे, बूट, सुटीत कुठे जायचं, विज्ञान की वाणिज्य. दहावीनंतर लातूरला पाठवायचं की कोट्याला, यावरही घरात त्याचं मत विचारतात. पण त्याच घरात ‘काकांना वाईट वाटेल’ म्हणून बारशाला नको असलेला मानपान होतो, हुंड्याचं नाव न घेता हुंडा घेतला जातो, मुलीने परजातीत लग्न केलं तर आजीला काय सांगायचं या काळजीने आई महिनाभर झोपत नाही. मुलाला निवडी मिळतात. निवडीची किंमत मोजणारं माणूस मात्र त्याला घरात दिसत नाही. मग चोविसाव्या वर्षी हिंजवडीत चांगल्या पगारावर असलेला तो तरुण, खऱ्या निर्णयाची वेळ आली की गोंधळून जातो. त्याला भित्रा म्हणणं अन्याय आहे. हे कसं करतात हे त्याने पाहिलेलंच नसतं.

बंधनापेक्षा अवघड असतं ते उपकाराचं ओझं. मानसशास्त्रज्ञ ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये वागण्यावरचा ताबा आणि मनावरचा ताबा यांत फरक करायला हवा, हे आग्रहाने मांडलं. रात्री दहाच्या आत घरी ये, हा पहिला प्रकार. त्यावर भांडता येतं. ‘आम्ही तुला कधी कशाला नाही म्हटलंय का?’ हा दुसरा. यावर भांडायचं कसं? ज्या घरात कधीच नकार मिळाला नाही त्या घरातल्या मुलीला पहिला नकार स्वतःच द्यावा लागतो, आणि तो कृतघ्नपणासारखा दिसतो, तिला स्वतःलाही. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्यांच्या खोलीला कुणी कडी लावली नाही, आणि तरी त्या बाहेर पडू शकल्या नाहीत.

अनंतशास्त्र्यांच्या घराला सोनेरी मुलामा देण्याचा माझा हेतू नाही. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात त्या कुटुंबाची जी दशा झाली, तिला शास्त्र्यांचा हट्टही कारण होता. पुराण सांगणं आणि देवाधर्माचं करणं एवढंच मुलांना शिकवलेलं, पोट भरायची दुसरी विद्या नाही. रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या आत्मकथनात हे स्वच्छ लिहिलं आहे, कडवटपणा न ठेवता. अन्न संपलं, दागिने आणि भांडी विकून झाली, आणि वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा मुलगा, श्रीनिवास, मध्ये पडला. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण तुम्ही हे करायचं नाही. वडिलांना वाचवण्यासाठी मुलाने वडिलांचाच नियम मोडायचा ठरवला. तो प्रसंग मला उडुपीच्या सभेइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शास्त्र्यांसमोर वाद घालणारा त्यांच्या घरातला होता, आणि त्यांनी ऐकलं. वडील तरीही वाचले नाहीत. पाठोपाठ आई गेली, बहीण गेली. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ मग पायी हिंडत राहिले, त्यांच्याच हिशेबाने सुमारे चार हजार मैल.

१८७८ साली भावंडं कलकत्त्याला पोहोचली. पंडितांनी परीक्षा घेतली, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथे ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिला विचारलं, वेद वाचलेत का? ती म्हणाली, स्त्रियांना तो अधिकार नाही. वडिलांनी पुराणांपर्यंतचं दार उघडलं होतं, वेदांचं नाही. आणि तोवर तिलाही ती भिंत भिंत वाटत नव्हती. सेन यांनी वेदाची एक प्रत तिच्या हातात ठेवली. ती तिने वाचली. वडील जिथे थांबले तिथून पुढे जाण्यासाठी तिला वडिलांना टाकावं लागलं नाही. त्यांनीच शिकवलेल्या रीतीने, ग्रंथ उघडून, वचन तपासून ती पुढे गेली. आणि हीच रीत ती पुढे इंग्लंडमधल्या वॉण्टेजच्या मठात ख्रिस्ती धर्मगुरूंपुढेही वापरत राहिली. १८८३ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला खरा, पण त्रैक्याच्या सिद्धांतावर ती प्रश्न विचारीच. आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं घेणार नाही, अशा आशयाचं तिने त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना कळवलं. जेराल्डिन यांना यात गर्व दिसला. रमाबाईंनी अंडं घातलेलं पुडिंग न खाण्यातही त्यांना गर्वच दिसला होता.

आता मनोरमा. तिच्यापाशी आल्यावर माझी समजूत मलाच तपासावी लागते.

मनोरमेला कसं वाढवायचं यावर रमाबाई आणि जेराल्डिन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो जेराल्डिन यांनीच जपून, नीट लावून ठेवला होता. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो पुस्तकरूपाने आला. मायलेकी जेराल्डिन यांना ‘आजीबाई’ म्हणत. आजीबाईंना नातीला पक्क्या सिद्धांतात वाढवायचं होतं. रमाबाईंना ते नको होतं. मुलीच्या समजुतीपलीकडची मतं तिच्या तोंडी घातली जाऊ नयेत, ती हिंदुस्थानी म्हणून वाढावी, हा त्यांचा आग्रह. एका आईने मुलीच्या विवेकासाठी केलेली इतकी तळमळीची झुंज आपल्याकडे त्या काळात क्वचितच नोंदली गेली असेल. पण ती झुंज चालू असताना मूल मात्र कधी आईपाशी, कधी आजीबाईंपाशी, समुद्राच्या या काठाला नाहीतर त्या. आई अमेरिकेत विधवांसाठी निधी जमवत होती, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं तिचं इंग्रजी पुस्तक निघालं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडलं. आईचं काम खरोखर मोठं होतं. त्या कामापुढे लहान मुलीने हट्ट तरी कशाचा धरावा?

मनोरमा पुढे इंग्लंड-अमेरिकेत शिकली, परत आली, शारदासदनाची मुख्याध्यापिका झाली. आईने उभारलेल्या केडगावच्या मुक्ति मिशनचा भार तिने उचलला, गुलबर्ग्याच्या शाळेच्या उभारणीत आईला हात दिला. लग्न केलं नाही. रमाबाई थकल्या तेव्हा आपल्यामागे तिनेच मिशन चालवावं असं त्यांनी ठरवलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई.

ती स्वतंत्र होती का? कर्तबगार होती, यात शंका नाही. आईच्या कामावर तिचं मनापासून प्रेम होतं, हेही मी मानते. दुसऱ्याने आखलेलं काम आपलं मानून करण्यात कमीपणा नाही. पण रमाबाईंना वडिलांच्या पुढे जायला जी मोकळी जागा मिळाली, ती वडिलांच्या मृत्यूने आणि चार हजार मैलांच्या पायपिटीने मिळाली होती. मनोरमेला तशी जागा कुठे होती? समाजाशी लढणाऱ्या आईची मुलगी पहिल्यापासून त्या लढाईतली सैनिक असते, आणि सैनिकाला असहमत व्हायची सोय नसते. थोर ध्येय असलेल्या पालकांकडून मुलांना हा धोका असतो. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांच्या, सेवाभावी डॉक्टरांच्या, कलावंतांच्या घरांतही तो आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं, कारण अशा आईबापांबद्दल तक्रार करणं मुलाला शोभत नाही असं सगळ्यांना वाटतं.

शारदासदनात सुरुवातीला दाखल झालेल्या मुलींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी लग्न केलं, आणि ती आनंदीबाई, सगळ्यांची बाया कर्वे झाली. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. कर्व्यांचा थोरला मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, घरात सावत्र आई आलेली, तीही विधवा, आणि जन्मगाव बंद झालेलं. त्यानेही बापाला किंमत मोजताना पाहिलं. हाच रघुनाथ पुढे संततिनियमनाचा जाहीर प्रचार करू लागला, त्यापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. बाप मितभाषी, सगळ्यांना सांभाळून घेणारा, संस्थेसाठी दारोदार फिरणारा. मुलगा परखड, कुणाचीच भीड न धरणारा. पुढचे दोघे भाऊही आपापल्या वाटेने गेले, शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत, दिनकर रसायनशास्त्रात. भास्कर मात्र वडिलांच्या हिंगण्याच्या संस्थेत रमले. एका घरातून इतक्या वाटा फुटल्या. बापाने चारही मुलांना संस्थेला जुंपलं नाही, हे त्यात मोठं आहे.

तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदेम कागितचिबाशी यांचं एक म्हणणं इथे मला उपयोगी पडतं. आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो, असं त्या सांगत: माणूस स्वतःच्या विचाराने चालतो का, हा एक प्रश्न; आणि तो आपल्या माणसांपासून किती अंतरावर राहतो, हा दुसरा. दूर राहणारा माणूस परतंत्र असू शकतो, एका स्वयंपाकघरात जेवणारा स्वतंत्र. पाश्चात्त्य पुस्तकांत घर सोडणं हीच प्रौढपणाची खूण मानली गेली, म्हणून आपल्याकडच्या तरुणांना उगीच अपराधी वाटतं. ‘घरी विचारून सांगते’ असं म्हणणारी पंचविशीची मुलगी मला परतंत्र वाटत नाही. तिने जरूर विचारावं. घरून नाही आलं तर पुढे काय होतं, तिथे खरी परीक्षा आहे. आणि ती परीक्षा मुलीपेक्षा घराची जास्त आहे.

अशी परीक्षा कर्व्यांच्या घरीही झाली. दिनकररावांची पत्नी इरावती मानववंशशास्त्राच्या पुढच्या अभ्यासाला जर्मनीला जायला निघाल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घातलेल्या सासऱ्यांनी, महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी, या बेताला विरोध केला. सुनेने एवढ्या लांब जाऊन आणखी शिकण्याची गरज त्यांना दिसेना. दिनकररावांनी वडिलांचं ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं, इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, डॉक्टरेट घेऊन १९३० मध्ये परतल्या. घर मोडलं नाही. त्याच सासऱ्यांच्या सुनबाई म्हणून त्या पुढेही नांदल्या, आणि त्यांच्या मुलांचे आजोबा म्हणून महर्षींना त्यांनी जवळून पाहिलं.

पुढे या आजोबांवर त्यांनी एक लेख लिहिला. त्यात आदर ओसंडून वाहतो, आणि संस्थेपायी बायकोमुलांच्या वाट्याला काय आलं, तेही त्या झाकत नाहीत. अशा माणसाची सून होता आलं हे माझं भाग्य, आणि त्याची बायको व्हावं लागलं नाही हे त्याहून मोठं भाग्य, अशा अर्थाचं त्या लिहून जातात. महाराष्ट्रातल्या पाच ब्राह्मण कुटुंबांवरचं जे इंग्रजी पुस्तक १९६३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलं, त्यात हा लेख आहे. त्यातले लेख निवडून भाषांतर करणारे दिनकर धोंडो कर्वे होते, त्याच आजोबांचे चिरंजीव.